रंग किती पातळ करावा?

पेण हे रायगड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. पेणचे गणपती कोणाला माहीत नाहीत? पेणमध्ये आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे पुष्कळ कारखाने आहेत. कारखाना म्हटले की उंच धुराडे डोळ्यांपुढे येते. हे तसले कारखाने नव्हेत. पत्र्याची शेड, लाकडी घोड्यांवर टाकलेल्या फळ्या, आणि फळ्यांवर ओळीने बसलेले गणपती. घरातली माणसे काम करतात. बायकाही काम करतात. गावातली पोरे हाताशी असतात.

पूर्वी सगळी मूर्ती कुंचल्याने रंगवीत. आता अंगाचा रंग बहुतेक ठिकाणी यंत्राने मारतात. मोठ्या यंत्राला स्प्रे गन म्हणतात. लहान, पेनासारखे हातात धरायचे यंत्र असते, त्याला एअरब्रश म्हणतात. गालावर, पोटावर, सोंडेवर रंग गडद असतो आणि हळूहळू फिका होत जातो. ती किमया एअरब्रशची. डोळ्यांची आखणी मात्र अजून कुंचल्यानेच होते. तिथे जाणता हात लागतो.

यंत्र घेतले की काम आपोआप चांगले होते, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. यंत्र तेच, डबा तोच, माणूसही तोच. तरी एक मूर्ती लोण्यासारखी मऊ दिसते आणि दुसरी खरखरीत. असे का होते? बहुतेक वेळा याचे उत्तर रंगाच्या वाटीत असते. रंग किती पातळ केला, यावर सारे अवलंबून आहे.

आणि ही गोष्ट लहान नाही. अंग खरखरीत झाले की त्यावर डोळा नीट आखता येत नाही. कुंचला दाण्यावर अडखळतो, रेघ तुटते. मग मूर्ती पुन्हा घासा, पुन्हा पांढरा हात द्या, पुन्हा रंगवा. दोन दिवस गेले, रंग गेला, मजुरी गेली. चतुर्थी काही पुढे सरकत नाही. गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहतेच.

यंत्र काय करते?

पूर्वी डासांवर औषध मारायचा एक हातपंप असे. खाली डबी, वर नळी, मागे दांडा. दांडा ढकलला की हवा नळीच्या तोंडावरून जोरात जाई आणि डबीतले औषध वर ओढले जाऊन त्याचे तुषार होत. एअरब्रशचे तत्त्व तेच. कॉम्प्रेसर हवा दाबून धरतो. ती हवा एअरब्रशच्या टोकापाशी जोरात बाहेर पडते. जाताना ती रंग ओढून घेते आणि त्याचे बारीक तुषार करते. रंग जिथून बाहेर येतो त्या भोकाला नोझल म्हणतात. भोकात एक सुई असते. खटका दाबला की हवा येते. खटका मागे ओढला की सुई मागे सरते आणि रंग येतो. जितकी सुई मागे, तितका रंग जास्त.

आता हे भोक केवढे असते ते पाहा. एअरब्रशचे भोक साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटरचे असते. म्हणजे एका मिलिमीटरचे दोन ते पाच तुकडे करावेत, तेवढे. स्प्रे गनचे भोक मोठे असते, एक ते पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या बारीक वाटेने डब्यातला दाट रंग जाणार कसा? कढी गाळणीतून जाते, पिठले जात नाही. म्हणून रंग पातळ करावा लागतो.

हे यंत्र काही आजचे नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी ते अमेरिकेत निघाले. तिथे फोटोंवर हात फिरवायला, चित्रे रंगवायला ते वापरीत. आपल्याकडे ते मूर्तीच्या कारखान्यापर्यंत आले.

रंगात काय असते?

पातळ करताना आपण नेमके काय करतो, हे कळायला रंगाच्या पोटात काय आहे ते पाहिले पाहिजे. रंगात मुख्य तीन गोष्टी असतात. एक रंगाची भुकटी. तिच्यामुळे रंग दिसतो. दुसरा चिकटा. तो भुकटीला धरून ठेवतो आणि मूर्तीला चिकटवतो. पूर्वी डिंक किंवा सरस घालीत, आता डब्यातल्या रंगात कारखान्यात तयार केलेला चिकटा असतो. तिसरे पाणी, किंवा पाण्याच्या जागी दुसरा द्रव. रंग वाळतो म्हणजे हा द्रव उडून जातो. भुकटी आणि चिकटा मागे राहतात.

आपण पाणी घालतो तेव्हा भुकटी विरळ होते, हे सर्वांना दिसते. पण चिकटाही विरळ होतो, हे दिसत नाही. फार पाणी घातले की रंग वाळल्यावर भुकटीसारखा हाताला लागतो. मूर्ती उचलली की बोटांना रंग! गिऱ्हाईक मग तोंडावर काही बोलत नाही, पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्यात जाते.

कोणत्या रंगात काय घालायचे, हे आधी नक्की करा. डिस्टेंपर, इमल्शन, पोस्टर कलर हे पाण्याचे रंग. त्यांत स्वच्छ पाणी घालायचे. तेलाच्या रंगात टर्पेंटाइन घालतात. गाड्यांना मारतात त्या लॅकरच्या रंगाला त्याचा वेगळा थिनर लागतो. तेलाच्या रंगात पाणी घातले तर ते मिसळत नाही, नासलेल्या दुधासारखे होते. डब्यावर सारे छापलेले असते. आता तुम्हांला वाचता येते. दुकानदार काय सांगतो ते ऐका, पण डब्यावरचे स्वतः वाचा.

गणपतीच्या मूर्तीला पाण्याचाच रंग बरा. मूर्ती शेवटी पाण्यात जायची असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली विसर्जनाबाबत सुधारलेल्या सूचना काढल्या. त्यांतही पाण्याचे, बिनविषारी रंग वापरा, तेलाचे व विषारी रासायनिक रंग नकोत, असे सांगितले आहे. शिवाय सुटी, बिननावाची भुकटी घेताना जपावे. काही रंगांत शिसे असते. शिसे पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नसावे, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. बिननावाच्या पुडीवर हे कोण पाहणार?

पाणी कसे घालावे?

बेसन कालवताना आपण काय करतो? सगळे पाणी एकदम ओतत नाही. ओतले तर गुठळ्या होतात. थोडे पाणी, मग कालवा. पुन्हा थोडे, पुन्हा कालवा. रंगाचे तसेच करावे.

आधी डबा तळापासून ढवळा. डबा उभा राहिला की भुकटी तळाला बसते. वरवरचा रंग घेतला तर तो चिकट्याचाच जास्त असतो. ढवळून झाले की वाटीत रंग घ्या. तो कशाने तरी मोजून घ्या. पळी असेल, औषधाच्या बाटलीचे झाकण असेल, काहीही चालेल. माप एकच ठेवा म्हणजे झाले. समजा, इमल्शन दोन पळ्या घेतले. त्यात आधी एक पळी पाणी घाला. एकजीव करा. मग अर्धी अर्धी पळी घालीत जा. काही रंगांना बरोबरीने पाणी लागते. काहींना त्याहून जास्त लागते. कंपनी बदलली, डबा जुना झाला, ऊन वाढले, की माप बदलते. म्हणून अमुक रंगाला अमुक पाणी असा एकच आकडा कोणी सांगितला, तर तो सुरुवातीपुरता धरावा.

मग कळायचे कसे? दुधावरून. वाटीतला रंग काठाकडे कलता करा आणि पुन्हा सरळ धरा. दूध कसे काठावरून खाली येते आणि मागे पातळसा पांढरा पापुद्रा ठेवते? रंग तसा यावा. हे दूध म्हशीचे निर्भेळ, गवळ्याने पाणी घातलेले नव्हे! रंग सायीसारखा हळू सरकला तर दाट आहे. पाण्यासारखा झरकन उतरला आणि काठ मागे उघडा दिसला, तर फार पातळ झाला.

मोठ्या रंगकामात यासाठी एक धातूचा पेला वापरतात. पेल्याच्या तळाला ठरावीक भोक असते. पेला रंगाने भरायचा, भोकावरचे बोट काढायचे, आणि धार तुटेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचे. घरी असे करता येते. प्लास्टिकच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडा. चांगला बसलेला रंग त्यातून किती सेकंदांत जातो, ते घड्याळावर मोजा. पुढच्या वेळी नवा रंग तेवढ्याच सेकंदांत गेला पाहिजे. झाकण तेच ठेवा, फेकू नका.

रंग तयार झाला की तो वस्त्रगाळ करा. जुन्या मलमलीचा किंवा नायलॉनचा तुकडा पुरे. हे काम पुष्कळजण टाळतात. शेतात औषध मारणारांना याची किंमत ठाऊक आहे. पंपात औषध न गाळता ओतले की नोझल तुंबते, आणि मग भर उन्हात नोझल उघडून तारेने कोरीत बसावे लागते. इथे तर भोक त्याहून बारीक आहे.

मूर्तीवर नको, आधी खापरीवर

रंग भरला की थेट मूर्तीवर जाऊ नका. शाडूची एक चपटी खापरी वाळवून ठेवा. मूर्तीला दिला तसाच पांढरा हात तिलाही द्या. तिच्यावर आधी मारून पाहा. खापरी सगळे सांगते.

रंग दाट असेल तर तो एकसारखा येत नाही. यंत्र थुंकल्यासारखे करते, शिंतोडे उडतात. वाळल्यावर हात फिरवला तर रवा लागतो. रंग फार पातळ असेल तर ओघळ येतात. हवेने तो रंग चहूकडे पळतो आणि कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेघा उमटतात. बरोबर असेल तर तुषार दिसत नाहीत, क्षणभर ओलसर चमक दिसते आणि ती लगेच विरते.

कारखान्यात एक बोलणे नेहमी ऐकू येते.

“काकू, रंग येतच नाही. हवा वाढवू का?”

“थांब रे बाबा. हवेला हात लावू नकोस. आधी वाटी बघ. दाट आहे का?”

“आहे थोडा.”

“मग पाणी घाल. हवा वाढवून दाट रंग ढकललास तर अर्धा तुझ्या नाकात जाईल.”

काकूंचे म्हणणे खरे आहे. नवशिका माणूस रंग अडला की हवा वाढवतो. हवा वाढली की रंग निघतो खरा, पण वाटेतच सुकतो आणि मूर्तीवर धुळीसारखा बसतो. उरलेला शेडभर उडतो. एअरब्रशला साधारण १५ ते २५ पौंड दाब पुरतो. सायकलच्या चाकात भरतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. आधी रंग पातळ करा, मग दाब लावा. पातळ रंगाला दाब कमी लागतो, दाट रंगाला जास्त. हे दोन्ही जोडीने चालतात.

शाडूची गोष्ट वेगळी

शाडूची माती बहुतेक गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येते. तिची मूर्ती भाजलेली नसते, नुसती वाळवलेली असते. म्हणूनच ती विसर्जनात विरघळते. पण जी माती तळ्यात विरघळते, ती रंगातल्या पाण्यानेही मऊ पडणारच! पातळ रंगाचा पहिला हात भिजवून मारला तर माती पाणी पिते. कानाच्या कडा, बोटे, मुकुटाची टोके मऊ होतात. वाळताना तडा जातो.

मग पाण्याचा रंग पातळ करायचा की नाही? करायचा. पण पहिला हात अगदी हलका मारायचा. धुके पडल्यासारखा. तो पुरता वाळू द्यायचा. मग दुसरा, मग तिसरा. पहिल्या हातात रंग भरला नाही म्हणून घाबरू नका. तीन पातळ हातांनी जो रंग भरतो, तो एका जाड हाताने कधीच येत नाही. मूर्ती आतून ओली असेल तर मात्र रंगाला हातच लावू नका. आतले पाणी बाहेर येताना रंगाचे पापुद्रे काढते.

हातही चालता ठेवावा. खटका मूर्तीच्या अलीकडे, हवेतच ओढायचा आणि मूर्ती ओलांडल्यावर सोडायचा. मूर्तीवर हात थांबला की तिथे ओघळ आलाच. मोठ्या भागासाठी एअरब्रश वीतभर लांब धरा. बारीक छटेसाठी दोन-तीन बोटांवर आणा, पण मग रंग थोडा आणखी पातळ लागतो आणि दाब कमी.

ऊन आणि पाऊस

वैशाखात रंग वाटेतच सुकतो. सुईच्या टोकावर थेंब वाळून बसतो आणि यंत्र थुंकू लागते. अशा वेळी पाणी थोडे वाढवा. मधूनमधून ओल्या फडक्याने टोक पुसा. आषाढ-श्रावणात उलट होते. हवेत ओल असते, रंग वाळता वाळत नाही. तेव्हा पाणी थोडे कमी घाला आणि दोन हातांत जास्त वेळ जाऊ द्या. घाई करून ओल्यावर ओला हात दिला की ओघळ ठरलेला.

पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. रंग नीट, दाब नीट, तरी मध्येच पाण्याचा थेंब उडतो आणि रंगलेल्या गालावर पांढरा डाग पडतो. हे पाणी वाटीतले नसते, कॉम्प्रेसरच्या टाकीतले असते. ओली हवा दाबली की तिच्यातले पाणी टाकीत साचते. टाकीच्या तळाला चावी असते. काम संपले की आधी वीज बंद करा, दाब उतरू द्या, मग ती चावी उघडा आणि पाणी रोज काढा. पाणी साचून राहिले तर टाकी आतून गंजते, आणि गंजलेली टाकी फुटण्याची भीती असते.

छातीला आणि घराला जपा

तुषार इतके बारीक असतात की ते श्वासाबरोबर छातीत जातात. पाण्याच्या रंगाचे असले तरी ती भुकटीच. नाकातोंडावर चांगला मास्क बांधा, शेडच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवा, वारा पाठीकडून येईल असे उभे राहा. थिनर किंवा टर्पेंटाइन वापरायची वेळ आलीच, तर नुसते ओले फडके बांधून भागत नाही. त्याची वाफ कापडातून आरपार जाते. त्यासाठी कोळशाची गाळणी असलेला मास्क मिळतो, तो घ्या. डोके दुखू लागले, गरगरले, की लगेच बाहेर मोकळ्या हवेत या.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबची ठिणगीही तिला पुरते. बिडी, चूल, देवापुढची समई, विजेचे उघडे बटण, यांच्याजवळ थिनर मारू नका. पाण्याच्या बाटलीत थिनर भरून ठेवायची खोड तर मुळीच नको. तहानलेले पोर बाटली पाहते, तिच्यात काय आहे ते पाहत नाही.

वहीत लिहून ठेवा

मूर्तीचा हंगाम वर्षातून एकदा येतो. यंदा बसलेले माप पुढच्या वर्षी आठवत नाही. एक लहान वही करा. तीत तारीख लिहा, रंगाचे नाव लिहा, आणि पुढे असे लिहा: इमल्शन दोन पळ्या, पाणी अडीच पळ्या, झाकणातून १४ सेकंद, दाब २० पौंड, पाऊस. एवढ्या दोन ओळी पुरे. त्याखाली त्या रंगाचे बोट ओढून ठेवले तर आणखी चांगले. म्हणजे सोंडेचा रंग आणि पोटाचा रंग वेगवेगळ्या दिवशी केला तरी जुळतो. कारखान्यातला एखादा माणूस रजेवर गेला, तर दुसरा वही पाहून तोच रंग करतो.

काम संपल्यावर

रंग यंत्रात वाळू देऊ नका. वाटी रिकामी करा, स्वच्छ पाणी भरा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत फवारा सोडा. तेलाचा रंग असेल तर त्याचाच थिनर वापरून धुवा. धुतलेले पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. एका जुन्या बादलीत ते साठू द्या. गाळ तळाला बसतो. वरचे पाणी पुन्हा धुण्याच्या कामी येते, आणि गाळ वाळवून कचऱ्यात वेगळा देता येतो.

शेवटी सुई बाहेर काढा आणि पुसा. पुसताना मागून टोकाकडे पुसत या, टोकाकडून मागे नको. टोकावर बोट किंवा फडके अडले की ते वाकते. डोळ्यांना दिसणारही नाही एवढे वाकले, तरी फवारा एका अंगाला जातो. मग वाटीतला रंग कितीही बरोबर असला, तरी नवी सुई बसवल्याशिवाय छटा सरळ येत नाही.